त्रेचाळीस नंबरची बाटली

७ नोव्हेंबर

दाजी,

वर 'साष्टांग नमस्कार' नाही, तो विसरून राहिलेला नाही. तुमच्यावरचा राग अजून जसाच्या तसा आहे आणि राग पोटात ठेवून नमस्कार घालणं मला कधी जमलं नाही. पत्ता तुम्ही ताईला पाठवलेल्या घटस्फोटाच्या कागदांवरून उतरवून घेतला. तुम्ही घर सोडून गेल्यावर तुमचं नाव काढायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि आज ते मोडतेय. आज दुपारी जे झालं, ते केवढं मोठं आहे हे कळेल असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही.

ताईला वास येत नाही.

सर्दीने नव्हे, वयाने नव्हे. कधीच आला नाही. जन्मापासून.

तुम्ही मला टिटवी म्हणायचात, दिवसभर टिवटिव करते म्हणून. आज टिटवीची बोबडी वळली आहे.

झालं ते असं. दुकानातलं वाफेच्या इस्त्रीचं मशीन बंद पडलं, म्हणून गिऱ्हाइकांचे कोट तसेच टांगून मी दुपारीच घरी निघाले. जिन्यातच गॅसचा वास आला. वाटलं, खालच्या मजल्यावरच्यांनी काहीतरी उघडं ठेवलंय, त्यांचं हे नेहमीचंच. आमचं दार उघडलं आणि तो वास तोंडावर आदळला. डोळ्यांत पाणी आलं. थंडी म्हणून सगळ्या खिडक्या गच्च लावलेल्या, आणि ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लाल पेन घेऊन भूमितीचे पेपर तपासत बसलेली. आरामात. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलीस? बरं झालं, चहा टाकते." आणि उठून तिने काड्यापेटी हातात घेतली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी तिच्या हातावर झडप घातली एवढं खरं. काड्या फरशीवर सांडल्या. मी शेगडीची चावी बंद केली, खिडक्या उघडल्या, तिला दंडाला धरून ओढत जिन्यात आणून बसवलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. ताईने पातेलं उतरवलं, ओटा पुसला, आणि चावी तशीच राहिली. कोणाचीही राहते हो. पण कोणीही त्या वासात बसून त्रिकोण तपासत नाही.

मी ओरडले. जिन्यातली दारं उघडून शेजारी बघायला लागले इतकी ओरडले. "वास येत नाही का तुला?" आपण रागाने विचारतो ना, आंधळी आहेस का, बहिरी आहेस का, तसं. उत्तर नकोच असतं त्याचं.

ती म्हणाली, "नाही."

मला वाटलं, नाक चोंदलंय. विचारलं, कधीपासून? ती पायरीकडे बघत म्हणाली, "कधीच नाही येत. लहानपणापासून नाही."

आणि हे ती सांगत होती तेव्हा, दाजी, त्या एवढ्या गॅसच्या वासातूनसुद्धा तिच्या मनगटांना तुमचा तो संत्र्या-लिंबाचा वास येत होता. नुकताच लावलेला, ताजा. जगातल्या सगळ्या सेंटवाल्यांत तुमच्या नाकाचा डंका. तुमची बायको म्हणजे तुमच्या सेंटची चालतीबोलती जाहिरात. तिला त्याचा एक कणही कधी मिळालेला नाही.

मी तिची सख्खी बहीण. एका घरात वाढलो, एका पांघरुणात झोपलो, आणि तुम्ही गेल्यापासून पुन्हा एका घरात राहतोय. मला कळलं नाही. मग तुम्हाला कळलं होतं का? तेवढंच सांगा.

ताईने बजावलंय, कोणाला सांगू नकोस, ह्यांना तर मुळीच नाही. अजून 'ह्यांना' म्हणते तुम्हाला. आणि कागद टेबलावर फुलदाणीखाली पडलेत. महिनाअखेरीला वकील न्यायला येणार, त्याआधी सही करणार म्हणते. मी तिचा शब्द मोडून लिहितेय, कारण माझ्या पायाखालची जमीन सरकली आहे आणि ती मात्र परत जाऊन पेपर तपासत बसली आहे. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

टिटवी

१३ नोव्हेंबर

दाजी,

उत्तर नाही. म्हणजे पत्र पोचलं नसेल किंवा तुम्ही फाडलं असेल. दोन्ही धरून पुढे लिहिते, कारण आता मला थांबवत नाही.

तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे फरपटत नेलं. डॉक्टरांनी छोट्या बाटल्यांचा एक डबा काढला आणि एकेक तिच्या नाकाखाली धरली. ताई म्हणाली, कॉफी. बरोबर. मग म्हणाली, लवंग. बरोबर. मग साबण, तोही बरोबर. डॉक्टर खूश. मला वाटलं, ही माझी चेष्टा करतेय. जिन्यातलं ते सगळं नाटक होतं की काय, असा संतापच आला. गॅसने ती मरता मरता वाचली आणि वर मला वेडी ठरवणार.

पण डॉक्टर हुशार निघाले. म्हणाले, बाई, आता भिंतीकडे तोंड करा आणि डोळे मिटा. मग ताईला एकही सांगता आला नाही. रिकामी बाटली धरली तिलाही ती लवंग म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, मग आधीचे कसे ओळखलेत? तिने वर्गात उत्तर समजावून सांगावं तसं सांगितलं. कॉफीची बाटली उघडली तेव्हा तुमच्या नर्सने आवंढा गिळला आणि घड्याळाकडे पाहिलं, तिची चहा-कॉफीची वेळ झाली होती. लवंगेला तुम्ही स्वतःच डोकं मागे घेतलंत, आणि एक हात दाढेपाशी गेला. साबणाला कोणाचंच काही हललं नाही, म्हणजे रोजचं काहीतरी असणार. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

जन्मजात आहे, उपाय नाही, घरात गॅसची सूचना देणारी घंटी बसवा, एवढं सांगून त्यांनी आम्हाला घालवलं. दारापर्यंत मात्र स्वतः पोचवायला आले.

रस्त्यात मी तिच्या पुढे पुढे चालत राहिले. मला लहानपणापासूनचं एकेक आठवत होतं. आई दूध नासलंय का बघायला दोघींना पाठवायची, तर ही नेहमी पातेलं माझ्यापुढे करायची: "तू सांग, तुला शिकायला हवं." आई म्हणायची, थोरली किती समजूतदार. आणि मी मूर्खासारखी खूश व्हायचे, ताईने मला मोठं समजलं म्हणून. पावसाने ओल्या झालेल्या कोटाला, आजारी माणसाच्या खोलीला, कशालाच तिने कधी नाक मुरडलं नाही. सगळे म्हणायचे, मनाची मोठी. मन मोठं आहेच हो तिचं, पण हे त्यातलं नव्हतं.

घरी आल्यावर विचारलं, सांगितलं का नाहीस? आधी म्हणाली, कोणी विचारलं नाही. मग खरं सांगितलं. शाळेत असताना एकदा ती बाकांमधून जात होती, आणि एका मुलीने तिच्याकडे बघत नाक दाबलं. बाकीच्या हसल्या. ती मुलगी खोडी काढत होती की खरंच वास येत होता, हे ताईला कळायला मार्गच नव्हता. तुम्हाआम्हाला निदान स्वतःला हुंगून बघता येतं. ती म्हणाली, "तो वास माझा होता का, ते मला आजही माहीत नाही." दाजी, पन्नाशीला आलेली बाई आणि अजून तेच घेऊन बसली आहे.

मग तुम्ही आलात. बाबांच्या ओळखीने, तो बाटल्यांचा खोका आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन. आमच्या बैठकीत बसून सगळ्यांना पट्ट्या हुंगायला लावल्यात. मला सगळ्या साबणासारख्याच वाटल्या आणि तुम्ही माझी खिल्ली उडवलीत. ताई एकामागून एक पट्ट्या नाकाशी धरायची, मान हलवायची, खाली ठेवायची. त्रेचाळीस नंबरची धरली आणि म्हणाली, "हाच." तुम्ही इतक्या घाईने उठलात की खुर्ची पडली. लग्नात दिसेल त्या पाहुण्याला तुम्ही तेच सांगत होतात, हिचं नाक माझ्यापेक्षा तयार आहे म्हणून.

कसं ओळखलं, ते आता ऐका. तिचेच शब्द लिहिते. "मी पट्टी नाकाशी धरत होते आणि त्यांच्याकडे बघत होते. आधीच्या सगळ्यांना ते खुर्चीला टेकून बसले होते. त्रेचाळीसला पुढे सरकले आणि श्वास घ्यायचेच थांबले."

सेंट तुम्हीच निवडला होतात. तिने तो तुमच्या वतीने बोलून दाखवला, एवढंच.

पुढे तुम्ही तिला सांगितलंत, लिंबू-संत्र्याचे वास फार चंचल, तासाभरात उडून जातात. उडाला की नाही हे तिला कसं कळणार? म्हणून शाळेच्या घंटेवर लावायची. तास संपल्याची घंटा झाली की पर्समधून बाटली, दोन मनगटं आणि मान. आख्खी शाळा तिला मोसंबीबाई म्हणते आणि म्हणते, बाई कशा दिवसभर ताज्या असतात. ताज्या कसल्या, बाई घड्याळ लावून चालल्या होत्या.

यानंतरचं ऐकून मात्र मी खरोखर हबकले. तुम्हाला ठाऊक आहे ताई कशी आहे. चटपटीत, तोंडावर बोलणारी, खोलीत आली की खिडकी उघडल्यासारखं वाटतं. तिला नि तुमच्या सेंटला लोक एकाच दमात नावाजायचे: वास अगदी बाईंसारखा, बाई अगदी वासासारख्या. मी तिला सहज म्हटलं, निदान सेंट तुझ्या स्वभावाला शोभणारा मिळाला. तर म्हणाली, "स्वभाव कसला? मी मुळात घुमी होते, तुला आठवत नाही? सगळे म्हणायला लागले, वास कसा टवटवीत, कसा चटपटीत. मग मला तसं राहावं लागलं. वास एक आणि बाई दुसरीच, असं कसं चाललं असतं?"

आठवलं मला. घुमीच होती. कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची तोंडं बघत राहायची. ती ताई कुठे गेली, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. लग्न झाल्यावर मुली बोलक्या होतात, असं आई म्हणायची आणि मी ऐकायचे.

मला रडू येतंय आणि राग पण येतोय, आणि कोणाचा ते कळत नाही. तुमचा धरून चालू.

टिटवी

२१ नोव्हेंबर

दाजी,

तुमचं कार्ड दुकानात आलं. हातात गिऱ्हाइकाचा कोट होता, तो तसाच खाली पडला. एवढ्या वर्षांनी एकच ओळ लिहिलीत: "तिला वास येत नसेल, तर त्या समारंभाला माझ्या भागीदाराचा सेंट लावून ती कशी आली, ते विचार तिला."

तुमचा भागीदार? मला यातलं काही म्हणजे काहीही माहीत नव्हतं. मी समजत होते, तुम्हाला दुसरी कोणी मिळाली. इतकी वर्षं मनातल्या मनात त्या बाईला शिव्या दिल्या, ती बाई कुठे नव्हतीच म्हणायची. आणि तुम्ही तिकडे बसून ताईबद्दल तेच समजत होतात.

शब्द मोडलाच होता, तेव्हा लपवालपवी पुरे म्हणून मी कार्ड सरळ ताईसमोर धरलं. तिने उभ्यानेच वाचलं. पुन्हा वाचलं. मग भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. मला म्हणाली, "याचा अर्थ काय?" गणित न समजलेल्या पोरीसारखं विचारलं तिने, आणि मी तिच्या तोंडून तसं कधी ऐकलेलं नाही.

तिला माहीत नव्हतं, दाजी. तुम्ही का गेलात, हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं.

तुमच्या कारखान्याचा समारंभ होता, बाहेरगावचे व्यापारी आले होते. ताई शाळेतून घरी येऊन, कपडे बदलून पोचली. तुम्ही तिचा कोट काढून घ्यायला जवळ गेलात आणि विचारलंत, आज काय लावलंयस? ती म्हणाली, नेहमीचंच, तुमचं. आणि तिने तुमचं तोंड बघितलं. ती म्हणते, तसं तोंड तिने तुमचं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, यांनी बाटलीत मुद्दाम दुसरं काहीतरी भरून माझी परीक्षा घेतली. यांना कळलं. मला वास येत नाही, लग्नाच्या आधीपासून मी खोटं बोलत आले, हे आज उघडं पडलं.

जन्मभर लोकांची तोंडं वाचून दिवस काढले तिने. डॉक्टरांचं वाचलं, तुमचं वाचून नवरा मिळवला. आणि त्या दिवशी चुकीचं वाचलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अंथरूण कारखान्यात हलवलंत, आठवड्यात गाव सोडलंत. ती गप्प बसली. सेंट बनवणाऱ्याने नाक नसलेल्या बायकोसोबत का राहावं, असं तिने स्वतःला समजावलं. तुम्ही चारचौघांत बोभाटा केला नाहीत, म्हणून ती तुमचे उपकार मानत होती. अहो, इतकी वर्षं मी तुम्हाला नावं ठेवायचे तेव्हा ती मला गप्प करायची, म्हणायची, "ते सज्जन आहेत म्हणून गुपचूप गेले." सज्जन! तुम्ही तिला काय समजून गेला होतात आणि ती तुम्हाला काय समजत होती!

आता ते भागीदाराचं प्रकरण. ते तिला आठवायला वेळ लागला, पण आठवलं. समारंभाच्या आधी तुमच्या भागीदाराने त्याच्या नव्या सेंटची बाटली तुमचं मत घ्यायला घरी पाठवली होती, गडबडीत ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. कारखान्याच्या सगळ्या बाटल्या एकसारख्या, साध्या काचेच्या, ओळख काय ती गळ्यात दोऱ्याने बांधलेल्या कागदाची. ताईने कपाट आवरताना तुमची नवीन त्रेचाळीसची आणि त्याची, अशा दोन्ही बाटल्या बेसिनपाशी ठेवल्या. नळाचं पाणी उडालं, दोरे सुटले, दोन्ही चिठ्ठ्या भिजून खाली पडल्या. चिठ्ठ्या दोन आणि बाटल्या दोन. तुम्ही असतात तर झाकण उघडून क्षणात सांगितलं असतंत. मी सांगितलं असतं. रस्त्यावरच्या कोणीही सांगितलं असतं. तिला कोणाला विचारायची सोय नव्हती, विचारलं की कळणार. मग तिने अंदाजाने बांधल्या.

अंदाजाने, दाजी. भूमितीची बाई, सिद्धता दिल्याशिवाय मुलांना अर्धा मार्क देत नाही, तिने अंदाजाने बांधल्या.

मी म्हटलं, त्या बाटल्या? तिने बोट दाखवलं. कपाटाच्या वरच्या खणात, मागे, तुमच्या जुन्या पट्ट्यांच्या खोक्याशेजारी. समारंभाच्या दिवशी त्रेचाळीसची म्हणून त्यातली एक पहिल्यांदा उघडली, त्यानंतर तिने त्यांना हात लावलेला नाही, दुकानातून बंद खोक्यातलीच विकत आणते. मी स्टूल घेऊन चढले. त्रेचाळीसची चिठ्ठी असलेल्या बाटलीचं झाकण काढलं.

संत्रं नाही, लिंबू नाही. जड, गोडमिट्ट, घशाशी बसणारा वास. खात्री करायला मी पुन्हा हुंगून पाहिला. दुसरी बाटली उघडली, तिच्यावर भागीदाराची चिठ्ठी, अक्षर वाकडंतिकडं, ओल्या कागदावर पुन्हा गिरवलेलं. बाटली जवळजवळ भरलेलीच आहे. आणि वास आपल्या ताईचा.

मी वरून सांगितलं, उलट्या बांधल्यास. तिने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. त्याच्यापुढे सांगायची मला गरज पडली नाही.

तिने फक्त विचारलं, "आणि त्यांना वाटलं, मी त्या माणसाकडून आले?"

मी हो म्हटलं. भागीदार एकदा तुमच्यासमोर तिला थट्टेने म्हणाला होता ना, माझा सेंट तुम्हाला जास्त शोभेल म्हणून? ते तिला आज आठवलं. संध्याकाळपर्यंत फरशीवर तशीच बसून राहिली, पाय पोटाशी घेऊन.

मला भीती वाटतेय. तिची आधीची शांतता मला ठाऊक आहे, ही ती नाही.

टिटवी

२३ नोव्हेंबर

दाजी,

हे पत्र ताईला दाखवून पाठवतेय, तेव्हा माझी जीभ थोडी आवरती आहे.

काल सकाळी ती शाळेत गेली, काहीही न लावता. घंटा झाल्या, बाटली निघाली नाही. मुलं म्हणे एकमेकांकडे बघत होती, आणि शाळेच्या शिपायाने विचारलं, बाई, बरं नाही का? ती घरी येऊन मला म्हणाली, "दिवसभर कोणी नाक दाबलं नाही. मी प्रत्येकाकडे बघत होते." आणि मग एकदम चिडली. दाजी, ती चिडली! मोसंबीबाईंचं ते चटपटीत बोलणं नव्हे. दबक्या आवाजात, सावकाश, लहानपणीच्या घुम्या ताईसारखी.

म्हणाली, "मी खोटं बोलले, ते माझं. ते मी त्यांच्यासमोर कबूल करीन. पण त्यांनी एक वास घेतला आणि माझा निकाल लावला. मला विचारलंसुद्धा नाही. मी आयुष्यभर एकही वास न घेता त्यांना ओळखत होते." यावर तुम्हाला काही सुचत असेल तर येऊन बोला.

मग तिने फुलदाणीखालचे कागद काढले. मला वाटलं, आता सही करते. तिने ते नीट घडी घालून पाकिटात ठेवले आणि म्हणाली, वकिलाला सांग यायची गरज नाही. सही करायची की फाडायचे, ते ती तुमच्यासमोर बसून ठरवणार आहे. त्याआधी तिला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे.

तिने मला विचारलं, "कसा आहे ग तो वास?"

मी म्हटलं, कोणता?

"त्रेचाळीस. सगळ्यांनी मला सांगितलं की छान आहे, मला शोभतो. कसा आहे ते कोणी सांगितलंच नाही. मला माहीत आहे असं सगळ्यांना वाटलं."

मी सांगायला गेले. म्हटलं, लिंबासारखा. ती म्हणाली, लिंबू जिभेवर कळतो मला, आंबट. तसा आंबट? मी म्हटलं, आंबट नाही, पण आंबटाच्या जवळ. संत्र्याची साल सोलताना उडतं ना, तसा. ती म्हणाली, उडतं ते डोळ्यांत झोंबतं, तेवढंच कळतं. मी म्हटलं, थंड. ती म्हणाली, हाताला थंड? मी म्हटलं, उजेडासारखा. आणि माझं मलाच हसू आलं, नि मग दोघी रडलो. मला जमत नाही. माझी जन्माची टिवटिव या कामी उपयोगाची नाही. तुम्हीच तो केलात, तेव्हा तुम्हीच येऊन तो तिला समजेल अशा भाषेत सांगा. अर्धा तास लागो, दिवस लागो. तिने बसून ऐकायचं कबूल केलंय.

रविवारी या. शाळेला आणि माझ्या दुकानाला, दोन्हींना सुट्टी आहे. मी घरात नसेन, खाली बागेत बसेन.

एक आधीच सांगून ठेवते, तुम्हाला धक्का बसू नये म्हणून. तिने त्या दोन्ही बाटल्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या आणि बंद खोक्यातली मला देऊन टाकली. रविवारी तिच्या अंगाला तुमचा वास येणार नाही आणि दुसऱ्या कोणाचाही नाही. तिचा स्वतःचा असेल तो. तो कसा आहे ते मला सांगता येत नाही, मी रोज त्यातच राहते. त्या नाक दाबणाऱ्या मुलीनंतर तिने तो कोणाला मिळूच दिला नाही, तुम्हालासुद्धा नाही. दार उघडेल तेव्हा नाक जरा पुढे करा, आणि येईल ते खरं खरं घ्या. तोंडाने काही बोलायची घाई करू नका. ती तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेल.

दाराची घंटी बिघडली आहे, हाताने वाजवा. या वेळी नमस्कार लिहितेय.

साष्टांग नमस्कार,
टिटवी